हात मागे बांधून मासळीबाजार

आमच्या धंद्यात व्हिसा, विमानं आणि हॉटेलं ही सोपी बाजू. अवघड बाजू वारांची. माझ्या तक्त्यात प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे पासपोर्टचा रकाना असतो, औषधांचा असतो, गुडघ्यांचा असतो (जिने चढतात, कठड्याला धरून चढतात, चढत नाहीत) आणि शेवटी 'वार' नावाचा एक रकाना असतो. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार. ठाण्याच्या एका जोडप्यात त्याचा मंगळवार आणि तिचा शुक्रवार. शनिवार निम्म्या लोकांचा. संकष्टी कॅलेंडरात बघायची. हे सगळं आणि रविवारची गर्दी वजा केली की मासे खायला बुधवार उरतो. म्हणून माझ्या कोरियाच्या सहलीत बुसानचा मासळीबाजार बुधवारीच असतो. आमचा तिथला बसचालक समजतो की बुधवार हा भारतात मासे खायचा सण आहे. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

हा रकाना पहिल्या सहलीत नव्हता. तेव्हा बाजार नेमका गुरुवारी आला. नाशिकचे एक गृहस्थ बाजारात सगळ्यांच्या पुढे. मी विचारलं, "तुमचा गुरुवार नाही ना?"

"आहे की. पण तो मी आईसाठी पाळतो, आणि आई नाशिकला आहे."

ते जेवायला बसले आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. गृहस्थांनी खेकड्याची नांगी टेबलाखाली लपवली, फोन खिडकीकडे फिरवला आणि म्हणाले, "समुद्र बघ आई, समुद्र."

आईंनी समुद्र बघितला. मग म्हणाल्या, "तोंड पूस."

त्या दिवशी हॉटेलवर परतल्यावर मी रकाना वाढवला.

मी बिशानला राहते. पुण्यात एका कारखान्याच्या प्रशासन विभागात होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरला आले आणि पहिलं वर्ष कपाटं आवरण्यात घालवलं. मग लक्षात आलं, की सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावाकाठी मराठीच मराठी ऐकू येतं. मुलगा आणि सून वन-नॉर्थच्या ऑफिसांत कामावर, नातवंडं शाळेत, आणि पुण्यामुंबईहून आलेले आईवडील बाकावर. बागा बघून झालेल्या, लिटल इंडियातून भाजी आणून झालेली, MRT च्या सगळ्या रंगांच्या मार्गांवर शेवटपर्यंत जाऊन परत येऊन झालेलं, आणि देशात राहायचा पास अजून दोन महिन्यांचा शिल्लक. ह्या मंडळींना मी फिरायला न्यायला लागले. आधी मलाक्का, मग पेनांग, मग हनोई, आणि आता काही वर्षं कोरिया. पैसे मुलं भरतात, प्रश्न आईवडील विचारतात, उत्तरं मी देते. असा हा व्यवसाय आहे.

बुसानच्या बाजाराची पद्धत आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळेच घडलं. बंदराला लागून मोठी इमारत. तळमजल्यावर ओळीने गाळे, आणि प्रत्येक गाळ्यावर बर्फाच्या जागी पाण्याच्या टाक्या. मासे, खेकडे, शिंपले, माकोळ, सगळं जिवंत, सगळं हलतंय. विकणाऱ्या बहुतेक बायका: गमबूट, रबरी एप्रन, कोपरापर्यंत गुलाबी हातमोजे. तुम्ही मासा निवडायचा. बाई तो जाळीने काढते, तिथेच मारते, साफ करते. मग तो वरच्या मजल्यावर जातो. वर नुसती टेबलं आणि स्वयंपाकघरं. तिथे मासा विकत मिळत नाही, माणशी बसायचे पैसे द्यायचे. त्यात पानं, लसूण, मिरच्या, चटण्या येतात आणि तुमचा खालचा मासा कापून समोर येतो. बहुतेक वेळा कच्चा. त्याचे पातळ काप करतात. डोकं आणि काटे राहतात, त्यांचं तिखट कालवण करून शेवटी आणतात.

आपल्याकडचे मासे खाणारे लोक इथे सुरुवातीला गडबडतात. त्यांची सगळी हुशारी मेलेला मासा ताजा आहे की नाही हे ओळखण्याची असते. मालवणच्या एका बाईंनी टाकीत पोहणाऱ्या माशाकडे बघून मला बजावलं होतं, "तिला म्हणावं, कल्ले उघडून दाखव." मी म्हटलं, "ताई, तो पोहतोय." त्या म्हणाल्या, "पोहू दे. कल्ले बघितल्याशिवाय मी मासा घेत नाही." आमची तिथली गाईड जियुन ही शांत, चष्मिस मुलगी आहे. तिने हे इमानेइतबारे कोरियनमध्ये सांगितलं. विकणारी बाई इतकी हसली की तिला टाकीचा काठ धरावा लागला. मग तिने खरोखरच मासा वर काढून कल्ला उचलून दाखवला. ताईंनी मान डोलावली. "आता घे."

बसमधून उतरायच्या आधी मी सगळ्यांना बाजाराच्या सूचना देते. जमीन ओली असते, जपून चाला. फोटो विचारून काढा. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची: बोट दाखवायचं नाही. तुम्हाला वाटतं आपण चौकशी करतोय, तिला वाटतं तुम्ही निवडलाय. दुपारच्या गर्दीत ती दोनदा विचारत बसत नाही. तेव्हा शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे हात मागे बांधून फिरा. घ्यायचं ठरलं की मला सांगा, मी बोट दाखवीन. लोक हसतात आणि हात मागे बांधतात. वीस ज्येष्ठ नागरिक हात मागे बांधून माशांची तपासणी करत निघाले की तिथल्या बायकाही आम्हाला वाट देतात.

आता दुसरी व्यवस्था. माझ्या सहलीत बॅगांना फिती बांधलेल्या असतात. हिरवी फीत म्हणजे न खाणारे, केशरी म्हणजे खाणारे. बाजाराच्या दारातून केशरी माझ्याबरोबर आत जातात आणि हिरवे जियुनबरोबर दोन गल्ल्या पलीकडे. तिथे बौद्ध मठाच्या पद्धतीचं जेवण मिळतं, कांदा-लसूणसुद्धा नाही. ह्या फितींमागेही एक प्रकरण आहे. एकदा सगळ्यांना एकत्र बसवलं होतं. एका काकांच्या कालवणाचा थेंब शेजारच्या बाईंच्या भातावर उडाला. बाईंनी पुढे परत येईपर्यंत फक्त केळी खाल्ली, आणि त्यांच्या मुलाने मला जे ऐकवलं ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हापासून फिती. त्यानंतर जेवणाची एकही तक्रार आली नाही, आणि ह्याचा मला अभिमान होता.

गेल्या वर्षीच्या गटात श्रीधरकाका आणि शैलाकाकू होते. मुलगा बिशानलाच, आमच्यापासून दोन इमारती सोडून राहतो. काका मूळचे श्रीवर्धनकडचे, काकू वाईच्या. दोघं पुण्यात एकाच सरकारी कार्यालयात होते, तिथे जमलं. दोघांच्याही बॅगांना हिरवी फीत होती. मुलाने तसं कळवलं होतं.

चांगी विमानतळावर सुरक्षा तपासणीत काकांनी ट्रेमध्ये पाकीट, चष्मा, पट्टा आणि एक दात घासायचा ब्रश ठेवला. खिशातून काढलेला, छोट्या डबीत घातलेला. बरोबर बडीशेपेची पुडी. मी सहज म्हटलं, "काका, ब्रश बॅगेत ठेवला असता तरी चाललं असतं."

काकू पुढे गेल्या होत्या. काकांनी आवाज खाली आणला. "मॅडम, हा खिशातलाच आहे. मी मासे खातो. घरी नाही, बाहेर. लग्नात तिने एवढंच मागितलं होतं, की घरात आणायचं नाही, बाहेर काय करता ते मी विचारणार नाही. तिने कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. मित्राकडे जातो, खातो, दात घासतो, बडीशेप खातो, घरी येतो."

"मग केशरी फीत देते की तुम्हाला."

"नको. ती हिरव्यात जाईल आणि मी केशरीत, म्हणजे पुन्हा तेच. मासे काय, मी खातोच हो." त्यांनी पट्टा लावला, ब्रश परत खिशात घातला. "मला एकदा ती समोर बसलेली असताना खायचेत. लपूनछपून खाल्लं की चव लागत नाही असं नाही. लागते. पण सांगायला कोणी नसतं. तेवढं जमवता का बघा."

मी म्हटलं, जमणार नाही. काका 'बरं' म्हणाले आणि निघाले. त्यांची अडचण मला समजली होती, पण माझ्या डोळ्यासमोर केळी होती.

बुधवारी बाजाराच्या दारात मी नेहमीसारखे दोन गट केले. केशरी माझ्यामागे, हिरवे जियुनमागे. काका मुकाट्याने हिरव्यात उभे राहिले. काकू मात्र जागच्या हलेनात. त्या दरवाजातून आत बघत होत्या.

"अगं, आत ते काय आहे, लाल? सीताफळासारखं."

"काकू, तो समुद्रातला प्राणी आहे. तुमचं जेवण तिकडे आहे, जियुनबरोबर जा."

"जेवण काय पळून जातंय? मला बघायचंय."

"आत वास येईल तुम्हाला."

काकू माझ्या जवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "मासळीचा वास मला लग्नापासून ठाऊक आहे. हे दात घासून येतात म्हणून मला कळत नाही की काय? कोलगेट आणि बडीशेप एकत्र आली की समजायचं, आज सुरमई होती."

मी जियुनला बाकीच्या हिरव्यांना घेऊन पुढे जायला सांगितलं, केशरीवाल्यांचे मासे निवडून त्यांना वर धाडलं आणि काका-काकूंना आत नेलं. पाच मिनिटं बघू, मग मीच तिकडे पोहोचवते, असा माझा बेत होता.

इतकी वर्षं मी ह्या बाजारात लोकांना नेते आहे. मासे खाणारा माणूस इथे येतो तो जेवणाच्या नजरेने बघतो. काय घेऊ, किती पुरेल, तळतील का. काकूंना काहीच घ्यायचं नव्हतं, त्यामुळे त्या सगळं बघत होत्या. त्या लाल सीताफळाला तोंडं किती, ते श्वास घेतं का. शिंपला उघडझाप करतो तेव्हा त्याला दिसतं का. एका टाकीत गुलाबी, जाडजूड, गांडुळासारखं काहीतरी वळवळत होतं. मला वाटलं, आता ह्यांना मळमळणार. काकू वाकून म्हणाल्या, "ह्याला बिचाऱ्याला डोकं कुठल्या बाजूला?" मलाही माहीत नव्हतं. ऑक्टोपस टाकीच्या काचेवर एकेक पाय चिकटवत वर चढत होता आणि गाळेवाली बाई न बघताच, बोलता बोलता त्याला दर वेळी खाली ढकलत होती. काकू तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. "हुशार आहे हो. तिचं लक्ष नाही बघून चढतो."

आणि काका. काकांचं वेगळंच चाललं होतं. लहानपणापासून मासे खाल्लेला माणूस, पण इथला एकही मासा ओळखीचा निघेना. हा पापलेट नव्हे, हा बांगडा नव्हे, हा तर कोणच नव्हे. परक्या गावच्या लग्नात गेल्यासारखे ते ओळखीचा चेहरा शोधत होते. शेवटच्या ओळीतल्या एका टाकीपाशी ते एकदम थांबले.

"अगं, लेप! हा आपला लेप आहे! पण केवढा, परातीएवढा!"

"कुठाय?" काकू पुढे झाल्या.

"तो बघ, तळाला. चपटा. वाळूच्या रंगाचा. दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात त्याचे."

"दोन्ही डोळे एका बाजूला? कुठला, हा?"

आणि काकूंनी बोट दाखवलं.

माझ्या तोंडून 'काकू' निघेपर्यंत जाळी पाण्यात गेली होती. मासा फळीवर आपटला, बाईने सुरीचा एक घाव घातला, आणि तो शांत झाला. सगळं इतकं सराईतपणे झालं, की ओरडायलाही वेळ मिळाला नाही. बाईने मासा शेपटीने उचलून काकूंना दाखवला आणि अंगठा वर केला. उत्तम निवड, असं तिला म्हणायचं होतं.

काकूंचं बोट अजून तसंच पुढे होतं. त्यांनी ते हळूच मागे घेतलं आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं.

"मी नुसतं विचारलं," त्या म्हणाल्या. "अहो, मी नुसतं विचारत होते."

बसमधली सूचना त्यांनी ऐकली होती, हसल्याही होत्या. पण एका बाजूला दोन डोळे असलेला मासा कधी न पाहिलेल्या माणसाला सूचना किती वेळ आठवणार? मी लगेच पैसे दिले आणि माझ्या कामाचा आवाज काढला. अडचण आली की मी तोच आवाज काढते.

"काकू, काही काळजी करू नका. वर आपला गट बसलाय. हा त्यांना देऊन टाकू. मी तुम्हाला जियुनकडे सोडते, तिथे गरम भात आहे."

"देऊन टाकू म्हणजे? खातील ना ते? टाकणार नाहीत ना?"

"खातील थोडा. त्यांनी त्यांचे मासे घेतलेत, पण कोणीतरी खाईलच."

"कोणीतरी नाही." काकूंचा आवाज परत आला होता. "माझ्या बोटाने जीव गेलाय त्याचा. कोणीतरी थोडासा खाऊन बाकी टाकलेला मला चालणार नाही. ह्यांनी खायचा. सगळा. आणि मी तिथे बसणार, संपेपर्यंत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. जे हवं म्हणून त्यांनी मला विमानतळावर सांगितलं होतं ते हे असं मिळेल, अशी त्यांची कल्पना नसावी. माझीही नव्हती.

वर मी आमच्या गटापासून लांब, खिडकीजवळचं टेबल घेतलं. तिघांचे बसायचे पैसे भरले. टेबलावर कागद अंथरला गेला आणि त्यावर वाट्याच वाट्या आल्या. मी माझं काम सुरू केलं. किमची बाजूला सरकवली, कारण तीत माशाचा रस असतो. ती भाजी आहे असं समजून कितीतरी शाकाहारी फसतात. लाल चटणी चाखून, विचारून ठेवली. तिखट, आंबटगोड, शाकाहारी. सॅलडची पानं, ओव्याच्या पानासारखा उग्र वास असलेली मोठी पानं, लसणाच्या चकत्या, हिरव्या मिरच्या, भात. काकूंनी पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची बाटली काढली. ह्या बाटलीशिवाय वाईचं माणूस देश सोडत नाही.

मग लेप आला. पांढऱ्या थाळीवर, पांढरे, जवळजवळ पारदर्शक काप. कच्चे.

काकांचा चेहरा उतरला. मला तेव्हा कळलं, की हा माणूस रवा लावून तळलेल्या, हळद-तिखट लावलेल्या माशांचं स्वप्न बघत होता. कच्चा मासा त्यांनी जन्मात तोंडात घातला नव्हता.

"मॅडम, हे तळून नाही का देणार?"

मी स्वयंपाकघरात विचारून आले. कापून झालेला मासा ते तळायला तयार नव्हते. चांगला मासा बिघडवल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"कच्चा आहे गं," काका काकूंना म्हणाले, जणू काकूंकडूनच तो शिजवायचा राहिला होता.

"मग?"

"मग काय? कसा खाऊ?"

"इतकी वर्षं कसे खात होतात?"

काकांचे कान लाल झाले. पहिल्यांदाच हा विषय त्यांच्यात उघड निघाला होता, तोही माझ्यासमोर, तोही अशा जागी, जिथून उठून जायला वाव नव्हता. मी मिरच्यांची वाटी उगाच सरळ करत बसले.

काकांनी चॉपस्टिकने एक काप उचलला. चटणीत बुडवला. तोंडापर्यंत नेला आणि परत खाली ठेवला. "होत नाही गं," ते म्हणाले, आणि ते नाटक नव्हतं. कपाळावर घाम होता. "माफ कर. गेला तो गेला. नको."

काकू त्या थाळीकडे बघत राहिल्या. मग मला विचारलं, "हे लोक कसं खातात?"

मी शेजारच्या टेबलाकडे मान केली. तिथल्या आजी हातावर पान घेत होत्या, त्यावर माशाचा काप, लसूण, मिरची, चटणी, मग पानाची पुडी करून अख्खी तोंडात.

"म्हणजे विडा," काकू म्हणाल्या.

त्यांनी हात पुसले. तळहातावर एक मोठं पान घेतलं, शीर काढून टाकली, उलटं करून आतल्या बाजूला बोटाने चटणी लावली, जसा आपण चुना लावतो तशी. त्यावर चिमूटभर भात, लसणाची चकती, मिरचीचा तुकडा. मग जरा विचार करून शेंगदाण्याची चटणी भुरभुरली. पान तसंच उघडं, तळहातावर धरून त्यांनी काकांच्या पुढे केलं.

"तुमचं तुम्ही ठेवा त्यात. मी हात लावणार नाही."

काकांनी काप उचलून पानात ठेवला. काकूंनी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पुडी केली, डोळे मिटले आणि तोंडात घातली.

बराच वेळ ते चावत होते. आम्ही दोघी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"काय?" काकू.

काकांनी बोट वर करून थांबायची खूण केली. गिळलं. डोळे उघडले.

"गोड आहे," ते म्हणाले. "अगं, गोड आहे. ओल्या खोबऱ्यासारखा. आधी काही चव नाही, मग दाताखाली करकरतो, मग मिरची, मग गोड. आमच्याकडे लेप तळला की कडेला कुरकुरीत लागतो ना…" ते थांबले. आपण कोणाला सांगतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"बोला," काकू पुढचं पान लावत म्हणाल्या. "कडेला काय?"

आणि मग काका बोलत सुटले. लेप कसा तळतात, आई त्याची शेपूट कोणाला द्यायची, त्यावरून भावंडांत कशी भांडणं व्हायची, भरतीनंतर खाजणात काय मिळायचं. काकू पानं लावत होत्या, एक त्यांना, एक स्वतःला. स्वतःच्या पानात भात आणि शेंगदाण्याची चटणी. मधे मधे प्रश्न. "काटा घशात अडकला की काय करायचे?" "वास हाताचा जातो कसा?" "बाळंतिणीला कोणता द्यायचे?" तळमजल्यावर ऑक्टोपसपाशी होतं तेच कुतूहल. मला वाटतं, हे सगळे प्रश्न लग्नापासून त्यांच्याकडे साठलेले होते, विचारणार नाही असं कबूल केल्यामुळे अडकून पडलेले.

शेवटी कालवण आलं. डोकं, काटे, मुळा, लाल रस्सा, उकळतं भांडं टेबलावर. मी सवयीने काकूंचा भात उचलून लांब ठेवला. काकूंनी तो परत जवळ घेतला आणि वर पान झाकलं. "उडू दे. पान आहे."

काकांनी काटे चोखून कागदावर ओळीने लावले. काकूंनी ते तपासले. डोक्याकडे बोट न करता, हनुवटीने दाखवून म्हणाल्या, "गालात राहिलंय थोडं." काकांनी तेही खाल्लं. मग काकूंनी त्या काट्यांना, ओझरता का होईना, नमस्कार केला. मी खिडकीबाहेर बघितलं. अशा वेळी काय करायचं ते माझ्या कुठल्याच यादीत नाही.

जिन्याच्या तोंडाशी बेसिन होतं. काका सवयीने तिकडे वळले, खिशातून डबी काढली, झाकण उघडलं.

"ठेवा ते आत," काकू म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

हिरव्या-केशरी फिती मी अजून वापरते. केळीचं प्रकरण पुन्हा नको. पण नाव नोंदवताना आता एक जास्तीचा प्रश्न विचारते. काय खाता हे विचारून झालं की विचारते, जेवायला कोणाबरोबर बसायचंय? बहुतेक लोक म्हणतात, कुठेही चालेल. काही जोडपी मात्र एकमेकांकडे बघतात आणि उत्तर द्यायला वेळ लावतात. त्याआधीच्या सहलींतल्या किती जोडप्यांना मी दारात नीट, वेळेवर, तक्रारीविना वेगळं केलं असेल, हा विचार अधूनमधून येतो.

काका-काकूंचा पास संपायला अजून वेळ होता. एका रविवारी सकाळी मी बिशानशेजारच्या आंग मो किओच्या मंडईत भाजी घ्यायला गेले होते. मासळीच्या गाळ्यांपाशी काका दिसले, बाटांगचा तुकडा निरखत होते. बाटांग म्हणजे आपली सुरमईच. इथे सगळं बर्फावर, सगळं रीतसर मेलेलं. शेजारी काकू, त्यांच्यामागे नात, फोनमध्ये डोकं.

"अगं, बरी भेटलीस," काकू मला म्हणाल्या. "ह्यांना चष्म्याशिवाय कल्ले दिसत नाहीत आणि चष्मा हे विसरतात. म्हणून मी येते. तुकडा घेतला तर लाल आहे की तपकिरी तेवढं सांगते."

"घरी नेताय?"

"मुलाच्या बाल्कनीत. तवा निराळा घेतलाय. मी कोशिंबीर घेऊन तिथेच बसते."

काका म्हणाले, "मधला तुकडा बरा की हा कडेचा?"

काकू वाकल्या, दोन्ही तुकडे नीट बघितले. "डावीकडचा. तुमच्या डावीकडचा. त्याच्या मागचा. नाही, तो नाही, त्याच्या शेजारचा."

गाळेवाला कंटाळून सुरी टेकवून उभा राहिला. नात फोनमधून मान वर करून सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"आजी, जस्ट पॉइंट लाह! ऑलरेडी डेड वन!"

"असू दे," काकू म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते, बोटांत बोटं घट्ट अडकवलेली. "त्याच्या शेजारचा, अहो. हां. तोच."